खरेदीची यादी, सभासदत्वाचा अर्ज आणि चार वर्षांचे फोटो : एक प्रकरण

ती माझ्याकडे आली तेव्हा हातात दोन कागद होते. एकावर खरेदीची यादी : नवी फुलफ्रेम बॉडी (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, लेन्सशिवाय), २४-१०५ मिमी एफ ४ झूम लेन्स, दोन कार्डं, बॅग. दुसरा कागद छायाचित्रकारांच्या एका संस्थेचा सभासदत्वाचा अर्ज. तो भरलेला होता, सही तेवढी राहिली होती. "दादा, दोन्ही याच महिन्यात उरकायचंय. तुम्ही फक्त एकदा नजर टाका." साठवलेले जवळजवळ सगळे पैसे या दोन कागदांत संपणार होते.

घाईला कारण होतं. नोकरी सांभाळून चार वर्षं ती नृत्याचे प्रयोग टिपत होती, बहुतेक ओळखीतून आणि विनामोबदला. आता एका नृत्यसंस्थेने वर्षभरातल्या सगळ्या प्रयोगांचे फोटो तिच्याकडून करून घ्यायची इच्छा दाखवली होती, आणि तेही मोबदला देऊन. तिच्याकडे निकॉनचा एपीएस-सी, म्हणजे फुलफ्रेमहून लहान सेन्सरचा, २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) होता आणि सोबत १८-५५ व ५५-२०० असे दोन झूम. तक्रार एकच : फोटो धूसर येतात, दाणेदार येतात. त्यावरून तिने निष्कर्ष काढला होता की कॅमेरा छोटा पडतोय आणि आपल्या नावामागे काही नसल्यामुळे कोणी गांभीर्याने घेत नाही. पहिल्या दुखण्यावर फुलफ्रेम, दुसऱ्यावर सभासदत्व.

मी यादीवर काहीच बोललो नाही. तिला चार वर्षांचे फोटो घेऊन यायला सांगितलं, निवडलेले आणि टाकून दिलेले दोन्ही. सुदैवाने ती काही पुसून टाकणाऱ्यांतली नव्हती.

फोटो काय सांगतात

डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये सहसा तो कोणत्या फोकल लेंग्थला (मिमीचा आकडा; जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं), कोणत्या अ‍ॅपर्चरला (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं), किती शटर स्पीडला (प्रकाश आत घ्यायचा वेळ) आणि कोणत्या आयएसओला (प्रकाशाची संवेदनक्षमता; ती वाढवली की दाणे वाढतात) घेतला हे नोंदलेलं असतं. फोटो हाताळायच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये या नोंदींवरून फोटो गाळून पाहता येतात. आम्ही दोन संध्याकाळी एवढंच केलं. निवडलेल्या फोटोंपैकी दहातले सात १३० ते १७० मिमीच्या मधले निघाले. बहुतेक एफ ५.६, आयएसओ ६४००, १/१२५ सेकंद. १८-५५ लेन्स ती जवळपास वापरतच नव्हती. प्रयोगाच्या शेवटी सगळे कलाकार रांगेत उभे राहून वाकतात तेवढ्यापुरती ती निघायची.

टाकून दिलेल्या फोटोंनी जास्त शिकवलं. एकेक फोटो उघडायचा आणि तो का टाकला हे तिने मोठ्याने सांगायचं, असं ठरवलं. "हात हलला." "उडी सापडली, पण पावलं पुसट." "चेहरा पांढराफटक." "क्षण गेला." "मागे विंगेत उभा असलेला माणूस दिसतोय." तासाभराने ती स्वतःच थांबली. दाणे दिसतात म्हणून टाकलेला फोटो क्वचितच होता. हललेले सर्वाधिक, त्याखालोखाल चेहरा जळलेले. आणि चुकलेला क्षण, नडलेली पार्श्वभूमी यांचा ढीग छोटा नव्हता. तो ढीग कोणत्याच यादीने कमी होणार नव्हता, हे तिला न सांगता कळलं.

जळलेल्या चेहऱ्यांचं कारण त्याच संध्याकाळी सापडलं. ती अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर काम करायची, म्हणजे अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं आणि शटर स्पीड कॅमेऱ्याने. रंगमंचामागे काळा पडदा असतो. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्या काळ्याला राखाडी करायला पाहतो आणि शटर हळू करतो. त्यामुळे एकाच वेळी दोन नुकसानं होत होती : प्रकाशझोतातला चेहरा पांढरा पडत होता आणि हात हलत होते. मॅन्युअलवर जाऊन, म्हणजे सगळं स्वतः ठरवून, चेहऱ्यावरच्या उजेडाप्रमाणे एक स्टॉप कमी केला असता (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) तर त्याच लेन्सने, त्याच आयएसओला १/२५० मिळालं असतं. चार वर्षांत एकाही जाणत्याने तिच्यासमोर बसून तिचे फोटो पाहिले नव्हते, याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

२६ आणि २७

आता यादीतला मुख्य मुद्दा. फुलफ्रेमचा सेन्सर ३६ × २४ मिमी, तिच्या कॅमेऱ्याचा साधारण २३.५ × १५.६ मिमी. क्षेत्रफळ सव्वादोन पट मोठं, म्हणजे एका स्टॉपपेक्षा थोडा जास्त फायदा. वर एफ ५.६ ऐवजी एफ ४, म्हणजे आणखी एक स्टॉप. कागदावर दोन स्टॉपचा लाभ दिसतो आणि तिचा हिशेबही हाच होता.

पण ती बसते कुठे? प्रेक्षागृहात, मधल्या रांगांत. तिथून तिला १५० मिमी लागतात. लहान सेन्सर दृश्याचा मधलाच भाग टिपतो, त्यामुळे एपीएस-सीवरचे १५० म्हणजे फुलफ्रेमवरचे सव्वादोनशे. २४-१०५ तिथवर पोचतच नाही. त्याच खुर्चीवरून नर्तिका चौकटीत तेवढीच मोठी हवी असेल तर फोटो कापावा लागेल, आणि किती कापावा लागेल ते आम्ही मोजलं. ३६ मिमी रुंद सेन्सरमधला जेमतेम १७ मिमीचा तुकडा उरतो. मोठ्या सेन्सरचे पैसे मोजायचे आणि वापरायचा तिच्या सध्याच्या सेन्सरहूनही लहान भाग.

याच गोष्टीकडे पाहायची आणखी एक सोपी पद्धत आहे. ती मी हल्ली प्रत्येकाला दाखवतो. ठरावीक जागेवरून एखाद्या नर्तिकेचा किती प्रकाश कॅमेऱ्यात शिरतो हे लेन्सच्या उघड्या छिद्राच्या व्यासावर ठरतं, आणि तो व्यास म्हणजे फोकल लेंग्थ भागिले एफ-क्रमांक. तिची सध्याची लेन्स : १५० भागिले ५.६, साधारण २७ मिमी. यादीतली लेन्स : १०५ भागिले ४, साधारण २६ मिमी. म्हणजे सगळी बचत ओतूनही त्या खुर्चीवरून नर्तिकेचा प्रकाश पूर्वीइतकाच मिळणार होता, किंबहुना किंचित कमी.

तिने हा भागाकार स्वतः दोनदा करून पाहिला. मग यादी घडी घालून पिशवीत ठेवली.

त्याच पद्धतीने ७०-२०० एफ २.८ तपासली : १५० भागिले २.८, जवळपास ५४ मिमी. व्यास दुप्पट, प्रकाश चौपट, पूर्ण दोन स्टॉप. शिवाय मीटरने खाल्लेला एक स्टॉप परत मिळाला की त्याच जुन्या बॉडीवर १/५०० सेकंद आणि आयएसओ ३२००. उडीतली पावलं ठाम दिसायला साधारण एवढा वेग लागतो. गिरक्या आणि संथ हालचालींना १/२५० पुरतो. थोडी पुसट ओढणी तर हवीहवीशीही वाटते.

उसनी लेन्स

मी ७०-२०० एफ २.८ वर ठाम होतो. तरी विकत घेण्यापूर्वी एक रंगीत तालीम त्या लेन्सवर काढून पाहायची, असं ठरलं. भाड्याने लेन्स मिळाली. शिवाय मी तिला आमच्या एका छोट्या गटात घेऊन गेलो. दर महिन्याला भेटणारी दहा-बारा माणसं आहोत आम्ही. या गटाला नाव नाही, बोधचिन्ह नाही. एकमेकांच्या छापील फोटोंवर बोलायचं आणि गरज पडली की सामान एकमेकांना द्यायचं, एवढाच रिवाज. तिथे एकाने तिला ८५ मिमी एफ १.८ प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, देऊ केली. दुसऱ्याने आपली जुनी ८०-२०० एफ २.८ विकायची असल्याचं सांगितलं, किंमतही रास्त. पण ती निकॉनची 'डी' पद्धतीची, स्वतःची मोटर नसलेली लेन्स. अशा लेन्सला आपोआप फोकस करायला बॉडीत मोटर लागते आणि निकॉनच्या नवशिक्यांसाठीच्या श्रेणीतल्या बॉड्यांमध्ये ती नसते. हे विकणाऱ्यानेच आधी सांगितलं, कारण पुढच्या महिन्यात त्याला तिच्यासमोर पुन्हा बसायचं होतं. अनोळखी माणसाकडून घेतली असती तर घरी आल्यावर कळलं असतं.

तालमीत जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. ७०-२०० ने अपेक्षेप्रमाणे काम केलं, पण जवळपास दीड किलोची लेन्स दोन तास हातात पेलताना तिचा खांदा भरून आला आणि शेवटच्या अर्ध्या तासातले फोटो ढिले पडले. मोनोपॉड (एकपायी आधार) लावावा असं मी म्हटलं. तिला तो अडचणीचा वाटतो, कारण ती सतत जागा बदलते. यावर आमचं आजही एकमत नाही.

दुसऱ्या दिवशीच्या तालमीला ती ८५ घेऊन गेली आणि नृत्यदिग्दर्शिकेला विचारून पहिल्या रांगेसमोर उभी राहिली. तालमीत प्रेक्षक नसतात, त्यामुळे हे शक्य होतं. चार वर्षांत तिने हे कधी विचारलंच नव्हतं. अंतर निम्मं झालं की त्याच छिद्रातून नर्तिकेचा चौपट प्रकाश येतो, म्हणजे नुसत्या चालण्याने मिळालेले दोन स्टॉप. एफ २ ला, सहा मीटरवरून, साधारण ४० सेमी खोलीपर्यंतच सगळं स्पष्ट राहतं. पुढे झेपावलेला हात त्याबाहेर जातो, जोडनृत्यात एकाचा चेहरा सुटतो. असे बरेच फोटो वाया गेले. पण जे उरले त्यांत घाम दिसत होता, श्वास दिसत होता. मधल्या रांगेतून टिपलेल्या चार वर्षांच्या फोटोंत हे कुठेच नव्हतं. तिला लांबच्या लेन्सची गरज आहे, असं फोटोंच्या नोंदी पाहून मी ठरवलं होतं. त्या नोंदींत ती कुठे बसली होती तेवढंच होतं. तिला कुठे उभं राहायचं होतं हे त्यांत येणं शक्यच नव्हतं. हा माझ्या वाचनातला दोष होता.

अर्ज

आता दुसरा कागद. त्या संस्थेचं नाव भारदस्त होतं. फी भरली की सभासद, थोडी जास्त भरली की नावामागे लावायला उपाधी. सभासदांचं काम पाहायला मिळेल का, असं विचारल्यावर उत्तर आलं नाही. परीक्षक कोण हेही लिहिलेलं नव्हतं. यापर्यंत फार तर पैसे वाया गेले असते. खरी अडचण अर्जामागच्या बारीक अक्षरांत होती : सभासदाने स्पर्धेला पाठवलेला कोणताही फोटो संस्थेला कायमस्वरूपी, कुठेही, कशासाठीही वापरता येईल आणि तिसऱ्याला देताही येईल. तिचे फोटो नृत्यसंस्थेच्या परवानगीने काढलेले, कलाकारांचे चेहरे स्पष्ट. जो हक्क तिला मिळालेला नाही तो ती सहीनिशी दुसऱ्याला देऊन बसली असती आणि पहिलंच मोबदल्याचं काम त्यात गेलं असतं. तिने सही न करता अर्ज ठेवून दिला.

छायाचित्रकारांच्या संस्था एका जातीच्या नसतात. अर्ज भरताना हाच घोळ बहुतेकांचा होतो. काही संस्था काम जोखतात. ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी १८५३ सालची. तिचं सभासदत्व कोणालाही घेता येतं, पण मानांकनासाठी फोटोंचा संच मांडावा लागतो. पहिल्या पायरीला, लायसेन्शिएटला, १० फोटो आणि असोसिएटला १५, सोबत आपण काय करू पाहत होतो याचं निवेदन. परीक्षक एकेक फोटो पाहतात तसाच संच म्हणून तो कसा उभा राहतो हेही पाहतात. फियाप हा निरनिराळ्या देशांतल्या छायाचित्र संघटनांचा जागतिक महासंघ आहे. त्याची मानांकनं मान्यताप्राप्त सलोनांमध्ये, म्हणजे परीक्षकांनी फोटो निवडायच्या स्पर्धा-प्रदर्शनांमध्ये, फोटो किती वेळा स्वीकारले गेले या हिशेबावर उभी असतात. १९३४ साली स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिकाचीही सलोनांची पद्धत आहे. शिस्त लावून घ्यायला ही वाट चांगली, पण सलोनमध्ये फोटो क्षणभर पडद्यावर येतो, त्यामुळे माणूस नकळत क्षणात भावणारे फोटो काढू लागतो. तिच्या कामाचा जीव संपूर्ण प्रयोगाच्या गोष्टीत आहे, म्हणून मी तिला सलोनांची घाई करू दिली नाही.

दुसरी जात धंद्याच्या संघटनांची. अमेरिकेतली एएसएमपी (अमेरिकन सोसायटी ऑफ मीडिया फोटोग्राफर्स) १९४४ साली मासिकांसाठी काम करणाऱ्या छायाचित्रकारांनी सुरू केली. करार, हक्क, मोबदला हे तिचे विषय. तिथल्याच पीपीएच्या (प्रोफेशनल फोटोग्राफर्स ऑफ अमेरिका) सभासदत्वात काही मर्यादेपर्यंत उपकरणांचा विमाही येतो. अशा संघटना तुमच्या फोटोचं कौतुक करत नाहीत, तुमचा कराराचा कागद वाचायला मदत करतात. आणि मॅग्नमसारखी जागा तर नुसता अर्ज भरून मिळत नाही. १९४७ साली रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ, जॉर्ज रॉजर आणि डेव्हिड सीमूर यांनी उभी केलेली ती सहकारी संस्था आहे. आपल्या फोटोंचे हक्क आपल्याकडेच राहावेत हा तिच्या मुळाशी असलेला आग्रह. तिथे आधीचे सभासद मतदानाने नॉमिनी (उमेदवार सभासद) निवडतात आणि पूर्ण सभासद व्हायला पुढे वर्षं जातात.

मॅग्नमचा विषय तिनेच काढला होता, हौसेने. मी त्यातून तिच्या कामाची एकच गोष्ट उचलली, हक्कांची. नृत्यसंस्थेने पाठवलेल्या मसुद्यात "सर्व हक्क संस्थेचे" अशी एक ओळ होती. धंद्याच्या संघटनेत तिने विचारलं असतं तर कोणीही पहिलं बोट याच ओळीवर ठेवलं असतं. आमच्या गटातल्या, नाटकांचे फोटो करणाऱ्या एका जाणत्या बाईंनी ते ठेवलं. म्हणाल्या, "बाळ, संस्थेला फोटो कशाला हवेत ते आधी विचार. जाहिरात, वार्षिक अहवाल, समाजमाध्यमं? तेवढा परवाना दे, किती वर्षांचा ते लिही. मालकी देऊ नकोस." कायदा देशागणिक बदलतो, नोकरीत काढलेल्या आणि कंत्राटाने काढलेल्या फोटोंचे नियमही वेगळे असतात. म्हणून मसुदा तिने एका वकिलालाही दाखवला. संस्थेने फारशी खळखळ न करता बदल मान्य केला. त्यांना खरोखरच जाहिरात आणि अहवाल यांपलीकडे काही नको होतं.

शेवटी काय घेतलं

८५ मिमी एफ १.८ तिने नवी घेतली. ७०-२०० एफ २.८ वापरलेली घेतली, स्वतःची मोटर असलेली. प्रेक्षकांसमोरच्या प्रयोगात पहिल्या रांगेपुढे उभं राहता येत नाही, तिथे हीच लागते. ती घेताना गटातला एक जण सोबत गेला. काचेतून विजेरी आरपार धरून बुरशीचे धागे दिसतात का पाहिलं, अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल नाही ना ते पाहिलं, दोन्ही टोकांना एफ २.८ वर फोटो काढून कडा तपासल्या. १८-५५ कपाटात गेली, ५५-२०० गटात फिरते आहे.

बॉडी जुनीच राहिली, पण एका बाबतीत मी अडून बसलो. तिच्या कॅमेऱ्यात कार्डाची खाच एकच आहे. स्वतःच्या हौसेसाठी ते चालतं. ज्या प्रयोगाचे पैसे घेतलेत तो पुन्हा होत नाही आणि कार्ड कधी दगा देईल हे सांगता येत नाही. म्हणून मोबदल्याच्या प्रत्येक प्रयोगाला दोन खाचांची बॉडी भाड्याने आणायची आणि जुनी गळ्यात दुसरी म्हणून ठेवायची. भाड्याचा खर्च कराराच्या रकमेत धरला. पहिल्या चार प्रयोगांत कार्डाने काही त्रास दिला नाही. तरी पाचव्यालाही ती दोन खाचांची बॉडीच नेते.

सभासदत्व तिने घेतलं ते धंद्याच्या संघटनेचं, विम्यासाठी आणि कराराच्या नमुन्यांसाठी. मानांकनाचा अर्ज केला नाही, मात्र १० फोटोंचा संच करायला घेतला आहे. महिन्याच्या बैठकीत तो टेबलावर मांडला जातो, दोन फोटो बाहेर जातात, दोन आत येतात. गेल्या खेपेला त्या बाईंनी तिचा सर्वांत आवडता फोटो उचलून बाजूला ठेवला आणि तो का नको हे वीस मिनिटं सांगितलं. ती रडवेली झाली होती, पण पुढच्या बैठकीला तो फोटो तिने स्वतःहून आणला नाही.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. डीएसएलआरच्या शटरचा आवाज शांत प्रसंगात शेवटच्या रांगेपर्यंत जातो आणि संस्थेने त्याबद्दल दोनदा सांगितलं आहे. मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) घेतला तर इलेक्ट्रॉनिक शटरवर आवाज होत नाही. निकॉनच्या २०१८ पासूनच्या झेड माउंटवर (मिररलेसवर लेन्स बसवायची जोडणी) तिच्या मोटर असलेल्या दोन्ही लेन्स अडॅप्टरने ऑटोफोकससकट चालतील. पण बहुतेक मिररलेसमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सरची एकेक ओळ क्रमाने वाचतो. रंगमंचावरचे एलईडी दिवे सूक्ष्म गतीने लुकलुकत असतील तर फोटोत आडवे पट्टे उमटतात, आणि गिरकी घेणारा हात तिरका वाकलेलाही दिसू शकतो. हे कोणत्या बॉडीत किती होईल ते त्या प्रेक्षागृहातल्या त्या दिव्यांखालीच कळतं. पुढच्या रंगीत तालमीला तिने दोन वेगवेगळ्या मिररलेस बॉड्या भाड्याने सांगून ठेवल्या आहेत. प्रकाशयोजनाकारानेही तालीम संपल्यावर दिवे अर्धा तास चालू ठेवायचं कबूल केलं आहे.